शोभेच्या ज्वालामुखीपलीकडे

विशेष प्रतिनिधी

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक ज्वालामुखी हमखास असतो. पुठ्ठ्यावर मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा शंकू, त्याला तपकिरी रंग आणि माथ्यावर दडवलेली छोटी बाटली. बाटलीत खाण्याचा सोडा असतो. वरून लाल रंग मिसळलेले व्हिनेगर ओतले की फेस उसळतो आणि शंकूवरून ओघळू लागतो. पाहुणे कौतुक करतात, छायाचित्रे निघतात आणि पुढे वर्षभर ती प्रतिकृती प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात पडते. या ज्वालामुखीने विद्यार्थ्याला पृथ्वीविषयी नेमके काय शिकवले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, त्याने दोन गैरसमज शिकवले. पहिला असा की, उद्रेक हा सोडा आणि आम्ल यांच्यासारख्या रासायनिक अभिक्रियेचा परिणाम असतो. प्रत्यक्षात शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असे वायू दाबाखाली विरघळलेले असतात. शिलारस वर येऊ लागला की दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे सुटतात आणि तेच शिलारसाला उसळवतात. हे समजावण्यासाठी सोडा वॉटरची बाटली हलवून उघडणे हा कितीतरी अधिक खरा प्रयोग आहे. दुसरा गैरसमज असा की, ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा डोंगर. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासाठी हा गैरसमज विशेष घातक आहे. कारण त्याच्या पायाखालचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून बनला, तो प्रामुख्याने जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर पडून पसरला होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अनुभवाधारित शिक्षणावर भर दिल्यानंतर 'कृतीतून शिक्षण' हे शब्द सर्वत्र ऐकू येतात. परंतु प्रतिकृती हाताने केली म्हणजे विज्ञान हाती लागलेच, असे नव्हे. प्रतिकृती पाहण्यासाठी केली आहे की तपासण्यासाठी, यावर तिचे मोल ठरते. भूविज्ञानाच्या बाबतीत हा फरक अधिकच महत्त्वाचा ठरतो. कारण या विषयातील डोंगर, भूकंप आणि कोट्यवधी वर्षांचा काळ वर्गात आणता येत नाही. शिवाय आपल्याकडे शालेय स्तरावर भूविज्ञान स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जात नाही. त्याचा काही भाग भूगोलात तर काही सामान्य विज्ञानात विखुरलेला आहे.

प्रयोगाची जुनी परंपरा

पृथ्वीची प्रतिकृती करून प्रश्न सोडवण्याची पद्धत शाळांनी शोधलेली नाही. स्कॉटलंडचे सर जेम्स हॉल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बेसॉल्टसारखे खडक भट्टीत वितळवून पुन्हा थंड करून पाहिले. वितळलेला खडक झपाट्याने निवला की काच बनते आणि सावकाश निवला की पुन्हा स्फटिकमय दगड, हे त्यांनी दाखवून दिले. काळा खडक पाण्यात साचून झाला की अग्नीतून, असा तेव्हा वाद होता आणि या प्रयोगाने अग्नीच्या बाजूला बळ दिले. पुढे खडकांच्या थरांना घड्या कशा पडतात, हे पाहण्यासाठी त्यांनी कापडाचे थर एकावर एक रचले, वर वजन ठेवले आणि दोन्ही बाजूंनी दाबले. कापडाला पडलेल्या घड्या समुद्रकाठच्या कड्यांतील घड्यांशी मिळत्याजुळत्या निघाल्या. १८१२ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष विद्वानांपुढे मांडले. जुन्या चादरी आणि दोन फळ्या एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग आजही कोणत्याही वर्गात करता येतो.

महाराष्ट्रात या परंपरेचे मोठे उदाहरण पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. १९१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणे, नद्या आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृती उभारून त्यांत प्रत्यक्ष पाणी सोडले जाते आणि मग आराखड्यांविषयी सल्ला दिला जातो. तेथील अभियंत्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट शाळेतही सांगण्यासारखी आहे. प्रतिकृतीची लांबी-रुंदी शंभरपट लहान केली म्हणून पाण्याचा वेग शंभरपट कमी होत नाही. तो दहापटच कमी होतो. वेळही दहापट आक्रसते, म्हणजे नदीतील एका तासाचा पूर प्रतिकृतीत सहा मिनिटांत उरकतो. प्रवाह मात्र एक लाखपट घटतो. सेकंदाला हजार घनमीटरच्या पुरासाठी प्रतिकृतीत सेकंदाला दहा लिटर पाणी पुरते. लहान केलेली प्रत्येक गोष्ट सारख्याच प्रमाणात लहान होत नाही, हा प्रतिकृतीशास्त्राचा पहिला धडा होय.

प्रमाणाचे भान

वर्गातील पृथ्वीगोलापासूनच हा धडा सुरू करता येतो. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर धरला तर एव्हरेस्टची उंची त्यावर जेमतेम ०.२ मिलिमीटर भरते. खंडांखालचे सुमारे ३५ किलोमीटर जाडीचे कवच एक मिलिमीटरही होत नाही. हाताला डोंगर जाणवतील असे उठावाचे गोल बाजारात मिळतात. त्यांत उंची किती पट वाढवली आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून काढावे. त्याच प्रमाणात चंद्र म्हणजे आठ सेंटिमीटरचा चेंडू आणि तो गोलापासून नऊ मीटर दूर ठेवावा लागतो, बहुधा वर्गाच्या दाराबाहेर! पाठ्यपुस्तकातील आकृतीत पृथ्वीला चिकटून बसलेला चंद्र पाहिलेल्या मुलांना हे अंतर चालून पाहिल्यावरच पटते.

काळाचेही तसेच. पृथ्वीचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. मैदानात ४६ मीटर लांबीची दोरी अंथरली तर एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोरीच्या टोकापासून अवघ्या ६६ सेंटिमीटरवर. आधुनिक मानवाची तीन लाख वर्षे शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये मावतात. शिवकाल त्या दोरीवर दाखवायचा तर सूक्ष्मदर्शकच हवा. 'कोटी वर्षे' हा शब्द पाठ करणे आणि त्या दोरीच्या कडेने चालत जाणे, यांत मोठे अंतर आहे.

दिवाळीचा किल्ला आणि खरा सह्याद्री

महाराष्ट्रातील मुलांना प्रतिकृती नवी नाही. दिवाळीत घरोघरी अंगणात माती-दगडांचे किल्ले उभे राहतात. बुरूज, दरवाजे आणि मावळे यांच्यापलीकडे जाऊन याच किल्ल्याला भूगोलाच्या तासाला आणता येते. ओल्या मातीचा लहान डोंगर खोल टबात ठेवायचा आणि एकेक सेंटिमीटर पाणी वाढवत प्रत्येक वेळी पाण्याची कड खिळ्याने मातीवर कोरायची. पाणी काढून वरून पाहिले की समोच्च रेषांचा नकाशा समोर दिसतो. रेषा जवळजवळ कुठे आल्या आणि दूर कुठे गेल्या, हे पाहताच चढ आणि उतार यांचा अर्थ कळतो. तो व्याख्या वाचून सहसा कळत नाही.

याच किल्ल्याखालचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा का, हा पुढचा प्रश्न. दख्खनच्या लाव्हाला 'ट्रॅप' हे नाव मिळाले ते स्वीडिश भाषेतील जिन्यासाठीच्या शब्दावरून. या पायऱ्यांचे कारण दाखवण्यासाठी खोक्याच्या झाकणाला लांब चीर पाडावी आणि खालून दुधाच्या रिकाम्या पिशवीतून मैद्याची दाट खळ त्या चिरेतून वर दाबावी. ती शंकू न होता सपाट पसरते. वाळल्यावर वेगळ्या रंगाचा दुसरा थर, मग तिसरा. शेवटी कड सुरीने कापली की सर्वांत जुना थर तळाशी आणि नवा वर, हा स्तररचनेचा नियम उघड दिसतो. खऱ्या सह्याद्रीत प्रत्येक थराचा घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो, तर सच्छिद्र माथा लवकर झिजून उताराचा होतो, म्हणून पायऱ्या. खळीच्या प्रतिकृतीत ही झीज दिसत नाही. एवढा फरक शिक्षकांनी स्पष्ट सांगितला पाहिजे.

लोणारच्या सरोवराचेही असेच. परातीत पीठ पसरून त्यावर हळदीचा पातळ थर द्यावा आणि वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या टाकाव्यात. खळगा, भोवतालची उंच कड आणि बाहेर उडालेले पीठ पाहिले की बेसॉल्टमधील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवराची रचना ध्यानात येते. पण परातीत गोटी शाबूत राहते. लोणारला अशनी शोधायला गेले तर तो मोठ्या गोळ्याच्या रूपात सापडत नाही. सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आलेला अशनी आदळताच फुटतो, वितळतो, त्याची वाफ होते. विवर गोटीच्या धक्क्याने पडावे तसे पडत नाही, ते स्फोटाने पडते. मुलांनी 'मग गोटी कुठे गेली?' असे विचारले, तर प्रयोग यशस्वी झाला असे समजावे.

भूकंपाची वीट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसर हादरला. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसांचा बळी घेतला. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने असाच तडाखा दिला होता. २०२४ मध्येही हिंगोली, नांदेड आणि परभणी परिसराला धक्के जाणवले. असा धक्का बसला की 'अमुक तारखेला मोठा भूकंप होणार' अशा अफवा पसरतात आणि माणसे रात्र अंगणात काढतात. त्या तारखेवर विश्वास का ठेवू नये, हे एक वीट शिकवू शकते.

लांब फळीवर काचपेपर चिकटवावा. त्यावर काचपेपर गुंडाळलेली वीट ठेवावी, विटेला रबर बांधावे आणि रबराला दोरी. दोरी अगदी सावकाश, एकसारख्या गतीने ओढत जावे. वीट सुरुवातीला हलत नाही. रबर ताणले जाते. मग वीट एकाएकी पुढे उडी घेते, रबर सैलावते आणि पुन्हा ताण साठू लागतो. भूपृष्ठाखालील प्रस्तरभंगावर हेच घडते. खडक वर्षानुवर्षे ताण सोसतात आणि घर्षणाची मर्यादा संपली की क्षणात सरकतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी मांडलेला हाच विचार आजही भूकंपशास्त्राच्या मुळाशी आहे.

खरा धडा मात्र मोजमापात आहे. प्रत्येक उडीपूर्वी दोरी किती सेंटिमीटर ओढली गेली, याची वीस वेळा नोंद करावी. ओढण्याची गती एकसारखी असूनही अंतरे सारखी येत नाहीत. कधी तीन सेंटिमीटरवर वीट हलते, कधी सातवर. मग एकविसावी उडी केव्हा येईल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना वहीत लिहायला सांगावा. बहुतेकांचा अंदाज चुकतो. समोरच्या टेबलावरील एका विटेची वेळ जर नेमकी सांगता येत नसेल, तर कित्येक किलोमीटर खोलवरच्या प्रस्तरभंगाची तारीख सांगणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? भूकंपाचा नेमका दिवस, ठिकाण आणि तीव्रता आधी सांगणारी पद्धत जगात आजही उपलब्ध नाही.

मात्र घर कसे बांधावे, हे सांगता येते. किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. जाडजूड दगड नुसत्या मातीत बसवलेल्या भिंती आणि वर मातीच्या थरांचे जड माळवद, अशी ती रचना होती. ताटाखाली गोट्या ठेवून त्यावर लहान खडे आणि ओली माती यांच्या दोन सारख्या खोल्या उभाराव्यात. वाळल्यावर एकीला दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीला आणि छताखाली सुतळीचा घट्ट पट्टा बांधावा. ताट पुढे-मागे हलवले की पट्टा नसलेली खोली कोपऱ्यांतून फाटते, भिंती बाहेर कोसळतात. दुसरी भेगाळते, पण सहसा उभी राहते. भूकंपप्रवण भागातील बांधकामात सलग काँक्रीटचा पट्टा का सांगितला जातो, हे यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

बोअरमधले पाणी

भूजलाची पाठ्यपुस्तकी प्रतिकृती म्हणजे काचेची पेटी, तीत वाळू आणि खडी, वरून पाणी. वाळूत खोचलेल्या नळीतून पाणी खेचले की पातळी खाली जाते. ही प्रतिकृती गंगेच्या मैदानात योग्य आहे; महाराष्ट्रात ती अर्धीच खरी. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसॉल्टचा आहे आणि घट्ट बेसॉल्टच्या कणांमध्ये पाणी जवळजवळ साठत नाही. ते साठते वरच्या मुरुमात, दोन थरांमधील सच्छिद्र भागात आणि भेगांत.

तेव्हा पेटीत वाळूऐवजी फरशीचे तुकडे रचावेत, मधल्या काही फटींत स्पंज भरावा, काही फटी मेणाने बुजवाव्यात आणि वर मुरुमाचा थर द्यावा. वरून झारीने पाऊस पाडायचा आणि चार ठिकाणी नळ्या घालायच्या. एका नळीला भरपूर पाणी लागते, तर शेजारचीच कोरडी राहते. एकाच बांधावरच्या दोन विंधन विहिरींचे नशीब वेगळे का, या प्रश्नाचे उत्तर गावातल्या मुलाला येथे मिळते. नारळ किंवा काठी घेऊन पाणी दाखवणाऱ्याचा अंदाज कधी खरा, कधी खोटा का ठरतो, हेही तो स्वतः ताडू शकतो. मग एकाच वेळी दोन नळ्यांतून पाणी खेचावे; तिसरी नळी, जिला कोणी हातही लावलेला नाही, तीही आटू शकते. शेजाऱ्याच्या बोअरचा आपल्या विहिरीशी संबंध असतो, ही बाब गावाच्या भांडणात समजावण्यापेक्षा वर्गात समजावणे सोपे.

डोंगर सरकण्यापूर्वी

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. १५१ जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तिन्ही घटना ऐन पावसाळ्यातील, तिन्ही ठिकाणी वस्ती उताराच्या पायथ्याशी किंवा अंगावर. सह्याद्रीच्या कुशीतील शेकडो शाळांसाठी दरड हा केवळ परीक्षेचा प्रश्न नाही.

एका फळीवर कडा लावून त्यात गावातलीच माती भरावी, दुसऱ्या तशाच फळीवर माती भरून दोन आठवडे आधी मेथी किंवा मोहरी पेरावी. दोन्ही फळ्या सारख्याच कोनात टेकवून झारीने मोजून पाणी घालावे. कोरडी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांपर्यंतच उभी राहते, किंचित ओलसर झाली की अधिक उभा उतार धरते आणि पाणी पूर्ण मुरले की एकाएकी वाहू लागते, हे आधी वेगळे करून दाखवावे. पाण्यामुळे माती 'घसरडी' होते, असे आपण सहज म्हणतो. पण मुख्य कारण वेगळे आहे. कणांमधील जागा पाण्याने भरली की त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर रेटतो, त्यांची पकड सुटते आणि मातीचे वजनही वाढलेले असते.

या प्रयोगात सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण कोसळण्याआधीचे आहे. अनेकदा उताराच्या वरच्या भागात आडवी बारीक भेग आधी दिसते. प्रत्यक्ष डोंगरावरही जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, तिरपी होऊ लागलेली झाडे आणि खांब, अचानक गढूळ झालेला किंवा नव्याने फुटलेला झरा ही धोक्याची लक्षणे मानली जातात. ती दिसली की पोरांनी घरी आणि मोठ्यांनी प्रशासनाला सांगायचे, एवढे जरी शाळेतून गेले तरी त्या तासाचे चीज झाले. मेथीची फळी अधिक टिकते हेही दिसेल. परंतु खोलवरून सुटलेल्या दरडीला वरवरची मुळे रोखू शकत नाहीत, ही मर्यादा सांगितल्याशिवाय तो प्रयोग संपवू नये. अन्यथा झाडे आहेत म्हणून आपण सुरक्षित, असा खोटा दिलासा मुले घरी नेतील. वस्ती कुठे असावी, याचा निर्णय भूवैज्ञानिकांच्या पाहणीवरच व्हायला हवा.

गुण कशाला द्यायचे?

आता अडचणींविषयी. तासिका ३५ ते ४० मिनिटांची, वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई. प्रकल्पाला गुण असल्याने तयार प्रतिकृती दुकानातून विकत आणली जाते किंवा आई-वडील रात्री जागून ती करतात; सर्वांत देखणीला सर्वांत जास्त गुण मिळतात. यांत शिक्षकांचा एकट्याचा दोष नाही. तरीही काही गोष्टी शिक्षकांच्या हातात आहेत. खर्चाची सबब तर नाहीच. वर सांगितलेल्या प्रयोगांत वीट, माती, पीठ, सुतळी आणि टाकाऊ पिशव्या यांपलीकडे फारसे काही लागत नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवता येते, हे अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे दाखवून दिले; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गरज आहे ती मूल्यमापन बदलण्याची. प्रत्येक प्रतिकृतीसोबत वहीचे एकच पान मागावे आणि त्यावर चार रकाने असावेत : करण्यापूर्वीचा अंदाज, प्रत्यक्ष मोजमाप, खऱ्या पृथ्वीशी साम्य आणि खऱ्या पृथ्वीपासून फरक. गुण या पानाला द्यावेत, रंगकामाला नव्हे. पाच-सहा जणांच्या गटाने एकच प्रतिकृती करावी आणि दुसऱ्या गटाने तिच्यातील उणीव शोधावी. चौथा रकाना विकत आणता येत नाही आणि आई-वडिलांकडून लिहून घेतला तरी दोन प्रश्नांत ते उघडे पडते.

सोडा-व्हिनेगरच्या ज्वालामुखीलाही मग प्रदर्शनातून हद्दपार करण्याचे कारण उरणार नाही. त्याच्याशेजारी फक्त एक फलक हवा : 'खरा ज्वालामुखी यापेक्षा वेगळा कसा?' आणि त्याचे उत्तर तो करणाऱ्या विद्यार्थ्यालाच देता आले पाहिजे.